ओळख न निघणारं माणूस

चादर बदलताना माझ्या बायकोला मुलीच्या उशीखाली वहीचा एक कागद सापडला. त्यावर एकच ओळ होती. ‘आई, माझ्यावर रागावू नकोस.’ पुढे काही नाही. खालच्या सगळ्या रेघा कोऱ्या.

बायको तो कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. मी डबा भरून निघायच्या तयारीत होतो. तिने कागद माझ्यापुढे धरला. मी वाचला. वाचल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं ते खरंखरं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहितो. मनात आलं, ‘आई’ लिहिलंय, ‘पप्पा’ लिहिलेलं नाही. मुलगी कुठल्या टोकाला पोचली होती ते मला त्या क्षणी दिसलं नाही. माझं नाव नाही, एवढंच दिसलं.

ती तेव्हा वीस वर्षांची होती. त्याआधी दीड वर्ष पुण्याला शिकत होती, वसतिगृहात राहत होती. एका दुपारी आमच्या एका नातेवाइकाचा मला फोन आला की, तुमची मुलगी एका पोराबरोबर दोनदा दिसली, चहाच्या टपरीवर आणि नंतर बसस्टॉपवर. मी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून पुण्याला गेलो, तिची खोली रिकामी केली आणि तिला सोलापूरला घेऊन आलो. पुण्यापासून घरापर्यंत मी तिला एक प्रश्न विचारला नाही. इथल्या कॉलेजात नाव घातलं. आठ दिवस गेली, मग जायची बंद झाली. आधी कॉलेज सुटलं, मग अंघोळ, मग जेवण. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी त्याला नाटक म्हणत होतो. चार महिने म्हणत होतो. मग तो कागद सापडला.

त्या दिवशी मी रजा टाकली आणि फोन घेऊन बसलो. कुणाला लावले? आमच्याच लोकांना.

हे समजायला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी भूकरमापक आहे. जमिनीची मोजणी हे माझं काम. माढा, बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, जिल्ह्यातला असा तालुका नाही की जिथल्या बांधावर मी उभा राहिलेलो नाही. अनोळखी माणूस भेटला की माझ्या तोंडातून पहिला प्रश्न येतो, ‘गाव कुठलं आपलं?’ मग आडनाव, मग मामाचं गाव, मग सासुरवाडी. चार-पाच प्रश्नांत कुठे ना कुठे धागा जुळतो आणि आम्ही दोघंही म्हणतो, ‘अरे, मग तुम्ही आमचे पाहुणेच निघालात की!’ पाहुणं निघालं की काम सोपं होतं. बांधावरची भांडणं मी अशीच मिटवली आहेत. लोक त्याचं कौतुक करायचे आणि मलाही त्याचा अभिमान होता.

मुलीसाठी डॉक्टर शोधताना मी तेच केलं. सोयरीक बघावी तशी चौकशी केली. घराणं कसं, माणूस कसा, आपल्यातला आहे का. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक समुपदेशक मिळाले, विजापूर रोडला बसणारे. माझ्या मेव्हण्याच्या साडूचे भाऊ. मला हायसं वाटलं. घरातलं दुखणं घरातच राहील, परक्याच्या कानावर जाणार नाही, असं वाटलं.

पहिल्या भेटीत ते दारापर्यंत आले. ‘या या पाहुणं, किती दिवसांनी!’ आम्ही त्याआधी कधी भेटलो नव्हतो. चहा आला. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं कुणाची लेक कुठे दिली, कुणाचं कुणाला काय लागतं, याचाच हिशेब लावत होतो. मुलगी कडेच्या खुर्चीत स्वतःच्या पायांकडे बघत बसली होती. मग त्यांनी तिला विचारलं, ‘काय बाळ, जेवण जातंय का?’

मी म्हणालो, ‘कुठलं जातंय? अर्धी भाकरी.’

‘झोप?’

‘झोपच झोप, दिवसभर.’

‘मन लागतं का कशात?’

‘कशातच नाही.’

मुलगी बघायला पाहुणे आले की मुलीला विचारलेल्या प्रश्नांना तिचा काका उत्तरं देतो, तसा मी देत होतो. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ते वहीत लिहून घेत होते.

तिसऱ्या भेटीत मात्र त्यांनी मला बाहेर बसवलं. तास होऊन गेला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण मान वर होती. गाडीवर मागे बसल्यावर ती म्हणाली, ‘पप्पा, रसवंतीवर थांबू या?’ चार महिन्यांत तिने मागितलेली ती पहिली गोष्ट. आम्ही आसरा चौकाच्या पुढे थांबलो. तिने पूर्ण ग्लास संपवला. मी दोन प्यायलो. घरी येऊन बायकोला म्हणालो, ‘बघ, मी म्हणत नव्हतो, आपला माणूस तो आपला माणूस.’

पाचव्या दिवशी माझ्या बहिणीचा मोडनिंबहून फोन आला.

‘दादा, रागवू नगंस, पर एक इचारू का? पोरगी तुला लई भ्याती म्हणं की.’

‘कोण म्हणालं?’

‘कोण कशाला म्हणाया पायजे? कळतं की सगळं. तुजा आवाज आयकला तरी तिच्या पोटात गोळा येतो म्हणं. येवडं काय केलंयस रं पोरीला?’

मुलीने बंद दाराआड सांगितलेली गोष्ट समुपदेशकांच्या घरातून त्यांच्या भावजयीकडे, तिथून माझ्या मेव्हण्याकडे आणि तिथून माझ्या बहिणीकडे पोचली होती. त्यात कुणाचं वाईट करायचं कुणाच्या मनात नव्हतं. सगळ्यांना काळजीच वाटत होती. काळजीनेच ते एकमेकांना सांगत गेले.

त्या घडीला मी काय करायला हवं होतं, ते आज मला कळतं. मुलीपुढे जाऊन, चूक माझी झाली, मी तुला चुकीच्या माणसाकडे नेलं, असं म्हणायला हवं होतं. मी तिच्या खोलीत गेलो आणि ओरडलो. ‘बाहेर जाऊन बापाची अब्रू काढतेस?’

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपला अंदाज बरोबर निघाला, असा काहीतरी भाव होता. मग तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. त्यानंतर अकरा दिवस ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. आईशीसुद्धा नाही. बायको तिच्या पलंगाशेजारी खाली अंथरूण टाकून निजू लागली. पहाटे जाग आली की मी दारातून आत बघायचो, दोघींच्या अंगावरची पांघरुणं वरखाली होताहेत ना.

बाराव्या दिवशी बायको म्हणाली, ‘आता तुम्ही गप बसायचं. फोन करायचे नाहीत.’ तिने शेजारच्या दवाखान्यात विचारून मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर घेतला आणि आम्ही तिघं गेलो.

ते डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. बाहेर गर्दी होती. पण त्यांनी त्या कागदाबद्दल सरळ तिलाच विचारलं, आमच्यासमोर नाही, आम्हाला बाहेर घालवून. मग औषध लिहून दिलं. आम्हाला आत बोलावून बजावलं की, सध्या तिला घरात एकटी ठेवू नका आणि औषधं स्वतःच्या ताब्यात ठेवा. मग म्हणाले, ‘गोळ्यांनी झोप येईल, जेवण जाईल. पण हिला कुणाशी तरी मोकळं बोलावं लागेल. तेवढा वेळ माझ्याकडे नाही. मी तीन नावं लिहून देतो. पहिल्याच माणसाशी जमेल असं नाही. दोन-तीन भेटी घ्या, नाही जमलं तर दुसरीकडे जा. त्यात त्यांचाही अपमान नाही आणि तुमचाही नाही. फक्त निवड तिची.’

निवड तिची, हे मी ऐकलं. तिथे मानही हलवली. आणि चौथ्या दिवशी, कुणाला न सांगता, चिठ्ठीतल्या पहिल्या बाईंना एकटाच जाऊन भेटलो. मला वाटलं, तिला नेण्याआधी आपण एकदा बघून यावं. स्थळ आधी बापाने बघायचं असतं, तसं.

बाई भल्या होत्या. मी खुर्चीत बसलो आणि विचारलं, ‘मॅडम, गाव कुठलं आपलं?’ त्या म्हणाल्या, ‘सासर माढ्याकडचं.’ मग काय! पाच मिनिटांत निघालं की, त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीची मोजणी मीच केली होती, आणि त्यांच्या जाऊबाई माझ्या बहिणीच्या गावच्या. त्या हसल्या, मीही हसलो. घरी आलो तो उडतच. मुलगी त्या दिवशी जरा उठून बसली होती. औषधांनी चेहरा थोडा निवळला होता. मी म्हणालो, ‘अगं, काळजीच मिटली. त्या मॅडम आपल्याच निघाल्या!’

तिने हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. तिने आईकडून पेन मागून घेतलं आणि पहिल्या नावावर रेघ मारली. मग चिठ्ठी आईकडे दिली, माझ्याकडे नाही.

मला राग आला. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, ‘काय पाहिजे तरी काय हिला?’

बायको पोळ्या लाटत होती. ती लाटतच राहिली. म्हणाली, ‘अहो, पुण्याला तिला बघितलं कुणी? आपल्यातल्यानेच. तुम्हाला सांगितलं कुणी? त्यानेच. ती त्या माणसाजवळ रडली, ते मोडनिंबपर्यंत पोचवलं कुणी? आणि तुम्ही हुडकून हुडकून तिच्यासाठी पुन्हा आपलंच माणूस आणताय.’

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतल्यासारखं करत उभा राहिलो. नोकरीची सत्तावीस वर्षं ज्या गोष्टीच्या जोरावर मी जगलो, तिचाच फास माझ्या मुलीच्या गळ्याभोवती होता आणि तो आवळत मीच होतो. हे कळलं त्याने सुटका झाली नाही, उलट जास्त गुदमरलो. कारण आता दोनच नावं उरली होती, आणि त्यांच्यातही कुणाचं गाव कुठे निघेल याची मला धास्ती बसली. रस्त्याने जाताना कुणी हात केला तरी मी तोंड फिरवायचो.

दुसरी बाई तरुण होती, चांगली शिकलेली. मुलगी तीनदा गेली. आम्ही फक्त पोचवायचो आणि आणायचो. तिसऱ्या भेटीनंतर ती आईला म्हणाली, ‘नको आता.’

‘का गं? वाईट वागल्या का?’

‘वाईट नाहीत गं. त्या प्रश्नांचा कागद भरायला देतात. मी भरते. नीट भरला की त्या खूश होतात. मग त्यांना खूश करायला मी अजून नीट भरते.’

मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. एखादं माणूस भलं असावं, हुशार असावं, ओळखीचंही नसावं, आणि तरी जमू नये? मग जमणं म्हणजे असतं तरी काय? ते कुणाला विचारायचं? बायकोने फोन करून त्या तरुण बाईंना सरळ सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘सांगितलंत ते बरं केलंत. थांबू मात्र नका, दुसरीकडे जा.’ तिसरं नावही खोडलं गेलं तर चिठ्ठी संपत होती.

तिसरी बाई अशोक चौकाच्या बाजूला राहत होती, विणकरांच्या वस्तीत. खाली यंत्रमागांची खडखड आणि वरच्या मजल्यावर एक खोली. घरची बोली तेलुगू. मराठी बोलायची चांगलं, पण वाक्याचा शेवट वेगळ्याच सुरात वर जायचा. मी बायकोला आधीच म्हटलं होतं, ‘आपल्या घरातलं तिला काय कळणार? आपले रीतीरिवाज वेगळे, त्यांचे वेगळे.’ मुलगी तिथेच होती. अकरा दिवसांच्या त्या मौनानंतर ती पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

‘तेच तर बरं आहे, पप्पा.’

आम्ही जिना चढून गेलो. बाई दारात आली, मुलीला ‘ये’ म्हणाली, आम्हाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. आणि माझ्या तोंडातून गेलं. शपथेवर सांगतो, मला विचारायचं नव्हतं. शिंक यावी तसं गेलं. ‘मॅडम, मूळ गाव कुठलं आपलं?’

मुलीचं पाऊल उंबऱ्यावर होतं. ती तिथेच थिजली. बायकोने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. तिसरंही माझ्याच हातानं गेलं.

बाई म्हणाली, ‘गाव मी इथे सांगत नसते. राग मानू नका. तुमचंही मला नको. तुमची मुलगी सांगेल तेवढं मला पुरे.’ आणि तिने दार लावून घेतलं.

माझा अपमान झाला होता. आयुष्यात त्या प्रश्नाला मला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी बाकावर बसलो. खालचे माग खडखडत होते. पाऊण तासाने दार उघडलं. मुलगी बाहेर आली आणि आईला म्हणाली, ‘पुढच्या बुधवारी.’

पुढे तिने आईला कधीतरी सांगितलं की, आत काय झालं त्याच्यापेक्षा दारात झालं ते तिला जास्त पटलं होतं. पप्पांनी विचारलं आणि त्यांना सांगितलं गेलं नाही, असं तिने पहिल्यांदा बघितलं होतं.

बुधवारमागून बुधवार गेले. माझी अवस्था उपाशी माणसासारखी. आत ती काय बोलते? माझ्याबद्दल बोलते का? एकदा न राहवून मी बाईला जिन्यात गाठलं. ‘निदान एवढं तरी सांगा, बरी होतेय ना?’

‘तिला विचारा.’

‘ती मला सांगत नाही हो.’

‘मग थांबा. तिच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर त्याच घडीला तुम्हा दोघांना सांगेन, हे मी तिलाही सांगून ठेवलंय. बाकी एक शब्द नाही सांगणार.’

बहीण फोन करायची. ‘कुणाकडं दावताय आता? सांग की दादा, मी काय परकी हाय व्हय?’ मी विषय बदलायचो. एकदा तिने दोनदा-तीनदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘बाई, हे सोडून काहीपण विचार.’ ती रडली. म्हणाली, ‘लई बदलला तू.’ तिने नंतर महिनाभर फोन केला नाही. लहानपणापासून जिच्याशी एक दिवस बोलल्याशिवाय मी राहिलो नाही, ती बहीण.

सातव्या की आठव्या बुधवारी बाईने दार उघडून मला आत बोलावलं. म्हणाली, ‘हिला तुम्हाला काही विचारायचंय. मी फक्त बसणार आहे.’

मुलगी खिडकीजवळ बसली होती. तिने विचारलं, ‘मी पुण्याला असताना तो फोन आला, तेव्हा तुम्ही मला का नाही विचारलं?’

मी म्हणालो, ‘काय विचारायचं?’

‘की खरं आहे का. मी सांगितलं असतं. तो माझ्या वर्गातला होता. मला आवडायचा. एवढंच होतं. विचारलं असतंत तर मी खोटं बोलले नसते.’

तुझ्या काळजीने, असं म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं. पण त्या खोलीत ते म्हणवेना. मी म्हणालो, ‘तुझ्या उत्तराची मला भीती नव्हती. ज्याने फोन केला त्याला मी काय उत्तर देऊ, याची भीती होती.’

‘म्हणजे त्याच्यासाठी तुम्ही मला घरी आणलंत.’

‘हो,’ मी म्हणालो.

मी बाईकडे बघितलं. तिने काहीतरी बोलावं, आता पुरे म्हणावं, मला पाणी द्यावं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या मुलीकडे बघत होती. मुलगी रडली नाही. मीच रडलो. तिने उठून माझ्या खांद्यावर हात ठेवावा, असं मला फार वाटलं. तिने ठेवला नाही आणि बाईने तिला तसं सुचवलंही नाही. वेळ संपली तेव्हा मुलीने पुढच्या बुधवारची वेळ स्वतः ठरवली.

खाली आल्यावर ती म्हणाली, ‘तुम्ही गाडीवर जा. मी जरा चालून येते. आईला मेसेज केलाय.’

एकटीने बाहेर पडायला डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वीच परवानगी दिली होती. तरी मी दोनदा वळून बघितलं. मी गाडी काढली, घरी आलो. पाच वाजले, सव्वापाच. बायकोने मेसेज दाखवला. ‘चालतेय. काळजी करू नकोस.’ साडेपाच झाले. त्या रस्त्यावर प्रत्येक चौकात माझ्या ओळखीचं कुणीतरी आहे. किराणा दुकानदार, झेरॉक्सवाला, रिक्षा स्टॉपवरचे दोघं. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं, ती कुठे आहे, कुणाबरोबर आहे, तोंड कुठल्या दिशेला आहे. नंबर काढून मी तीनदा बोट नेलं. पावणेसहा झाले. बायको माझ्या बोटाकडे बघत उभी होती.

मी फोन केला नाही. यात मी काही मोठं केलं असं नाही. ती परत आली नसती तर हा फोन न केल्याचं पाप मी कुठे घेऊन गेलो असतो, हाच विचार त्या वेळी डोक्यात घणासारखा पडत होता, आणि अजूनही कधी कधी पडतो.

सहाला दहा कमी असताना ती आली. चपला काढल्या, हातपाय धुतले, आईला म्हणाली, ‘भूक लागलीय.’ तासभर कुठे होतीस, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. ती ताट घेऊन माझ्या समोर बसली आणि खाली मान घालून जेवली. मी तिच्याकडे बघू की नको, हे मला कळत नव्हतं.